डॅन्यूबकाठचं पंक्चर

परत येऊन तीन आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी चॉकलेट घेतो आणि मग विचारतो, "इतकं विमानात बसून गेल्या, अन् तिथं जाऊन सायकल चालवली?" ज्यांनी स्कूटी आल्याबरोबर सायकल भंगारवाल्याला दिली, त्यांना हे तोंडी पटवणं अवघड आहे. म्हणून लिहून काढते. सायकल आम्ही चार दिवस चालवली, पण सांगण्यासारखं सगळं पहिल्याच दिवशी घडलं. उरलेले तीन दिवस आम्ही शहाण्यासारखी नदी पाहिली.

आम्ही म्हणजे मी आणि माझी नणंद, विमलताई. मी नागपूरच्या इतवारीतल्या एका शाळेत भूगोल शिकवते. 'डॅन्यूब नदी ब्लॅक फॉरेस्टमध्ये उगम पावते व काळ्या समुद्रास मिळते' हे वाक्य मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं आहे की ती नदी मला थोडीफार माहेरची वाटते. विमलताई त्रेसष्ट वर्षांच्या. लग्न केलं नाही, आमच्याच घरी असतात. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, सिस्टर इनचार्ज होऊन रिटायर झाल्या. इंदोऱ्याहून दवाखान्यापर्यंत वर्षानुवर्षं सायकलनं ड्यूटीला गेल्या, त्यामुळे सायकलीची भीती त्यांना नाही. भीती आम्हा बाकीच्यांना असते, ती त्यांची.

माझी मुलगी मितू म्युनिकला नोकरी करते. आम्ही दोघी तिच्याकडे गेलो, तर तिला रजा नाही. "घरात बसून काय करणार? डॅन्यूबच्या काठानं सायकलवर जा," ती म्हणाली. "सत्तर-सत्तर वर्षांचे लोक जातात. बॅग गाडीनं पुढच्या मुक्कामी पोचते, तुम्ही फक्त पायडल मारायचं." माझ्या मिस्टरांचा कमरेमुळे प्रश्नच नव्हता, ते नागपुरातच होते. फोनवर त्यांनी मला एवढंच सांगितलं, "सांभाळून घे." कोणी कोणाला, ते नाही सांगितलं.

पासाऊ, सकाळ

पासाऊ हे जर्मनीच्या टोकाचं गाव. इथं डॅन्यूबला आणखी दोन नद्या येऊन मिळतात. एक काळसर, एक हिरवट, आणि डॅन्यूब स्वतः मातकट. बराच वेळ तिघी एकमेकींत न मिसळता शेजारी शेजारी वाहतात.

"तिघी एकाच घरात, अन् भांडण नाही," विमलताई म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहिलं. मी नदीकडे पाहिलं.

सायकली भाड्यानं देणाऱ्या दुकानात एका गंभीर तरुणानं आमच्या पायांची मापं घेऊन सीटची उंची बसवली. त्याला एक अडचण येत होती. विमलताईंचं माप घेतलं की सीट बरोबर असायची आणि त्या बसल्या की चार बोटं उंच व्हायच्या. कारण असं, की सायकलवाल्यांची गादीची चड्डी म्हणून सीताबर्डीवर दुकानदारानं जे दाखवलं, ते पाहून ताई "हे घालून मी बाहेर जाऊ?" असं म्हणून निघून आल्या होत्या, आणि घरच्या जुन्या सोफ्याचा फोम कापून त्यांनी दोघींच्या सलवारींत शिवला होता. त्या तरुणाला हे इंग्रजीत समजावणं माझ्या शक्तीबाहेर होतं. मी म्हटलं, तिची उंची बदलती आहे. त्यानं मान डोलावली आणि सीट खाली केली.

शिवाय आम्ही नागपूरच्या बायका. ऊन दिसलं की स्कार्फ. डोकं, कपाळ, नाक, तोंड, गळा सगळं गुंडाळायचं, वर गॉगल, हातात कोपरापर्यंत मोजे. बर्डीच्या सिग्नलला अशा पन्नास जणी उभ्या असतात आणि कोणी वळून पाहत नाही. पासाऊला वळून पाहत होते.

नदीच्या डाव्या काठानं

रस्ता काय वर्णावा! फक्त सायकलींचा. गुळगुळीत, सपाट, एका बाजूला दाट झाडीचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूला हाताला लागेल एवढं पाणी. हॉर्न नाही, गाय नाही, उलट्या बाजूनं येणारा कोणी नाही. पहिले दोन किलोमीटर मला चुकल्यासारखं वाटत होतं.

"आपल्या नाग नदीच्या काठानं असा रस्ता केला तर?" मी म्हटलं.

"नाकाले रुमाल बांधा लागन," ताई म्हणाल्या. मग स्वतःच्या स्कार्फला हात लावून, "तो तर बांधलाच आहे म्हणा."

त्या भागात समोरून येणारा प्रत्येक सायकलवाला ओळख नसताना अभिवादन करतो. 'ग्रूस गॉट' म्हणतात. मितूनं अर्थ सांगितला होता, की देव तुमचं भलं करो. मी लगेच 'ग्रूस गॉट' सुरू केलं. ताईंनी पहिल्या माणसाला ठणठणीत आवाजात उत्तर दिलं, "जय भीम!"

"ताई, त्यांना काय कळणार?"

"मले त्यायचं कुठं कळते? त्यायचं त्यायले, आपलं आपल्याले. नमस्कार आहे हे तर दोघायलेही समजते."

आणि समजत होतं. जर्मन भाषेत 'या' म्हणजे हो. बहुतेकांना 'जय' ऐकून वाटलं असावं की ही बाई कशाला तरी हो म्हणते आहे, आणि तेही आनंदानं हो म्हणत होते. दुपारपर्यंत ताईंनी साठेक लोकांना जय भीम घातला. त्यातला एक दाढीवाला आजोबा तर थांबला, हात उंचावून "याबीम!" म्हणाला आणि पुढे गेला. ताईंनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं. निदान गॉगल तरी माझ्याकडे वळला.

दुपारी बारानंतर जर्मनी संपून ऑस्ट्रिया लागला. मी मुलांना नकाशात सीमा तुटक रेषेनं काढायला लावते. इथं तीही नव्हती. गवतात एक पाटी, बस्स. ताईंनी मात्र सायकल स्टँडवर लावली, पर्समधून दोघींचे पासपोर्ट काढले आणि हातात धरून उभ्या राहिल्या.

"इथं कोणी नसतं, ताई."

"जेवाले गेला असन."

"कोणीच नसतं. असंच जायचं."

"अव, एमपीत छिंदवाड्याले जातो तर नाक्यावर गाडीत डोकं घालून पाह्यतात. इथं आख्खा देश बदलून राहिला, अन् कोणी विचारत नाही?" शेजारच्या कुरणात एक बाई गवत कापायचं यंत्र चालवत होती. ताईंनी तिला पासपोर्ट उघडून दाखवला. तिनं यंत्र बंद केलं, कुंपणापाशी येऊन फोटो नीट पाहिला, स्कार्फातल्या ताईंकडे पाहिलं आणि हसून जा म्हणाली. मगच आम्ही ऑस्ट्रियात शिरलो.

सफरचंदाचा केक आणि एक चूक

पुढे नदीवरच्या एका लहानशा खानावळीत थांबलो. पोळी आणि जवसाची चटणी आमच्याजवळ होती, पण नुसतं बाक वापरणं बरं दिसेना, म्हणून सफरचंदाचा तो प्रसिद्ध गुंडाळलेला केक मागवला. ताईंना डायबेटीस आहे. दोन वेळा इन्सुलिन घेतात, नाश्त्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी. "चव पाह्यतो फक्त," म्हणून त्यांनी अर्धा केक पाहिला. मग साखर तपासायचं मशीन काढायला पर्स उघडली.

एक कप्पा, दुसरा कप्पा. सगळी पर्स टेबलावर रिकामी झाली. ताईंचा चेहरा मी अठ्ठावीस वर्षं पाहते आहे. तो तसा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

"इन्सुलिनची थैली," त्या हळूच म्हणाल्या. "मशीन, सुया सगळं तिच्यात. विसरू नये म्हणून मोठ्या बॅगेत वरच ठेवली होती म्या."

मोठी बॅग सकाळीच गाडीनं मुक्कामी गेली होती. मुक्काम होता नदीच्या पलीकडच्या काठावर. पलीकडे जायला पूल नाही, सायकली नेणारी छोटी बोट आहे, आणि मितूनं कागदावर लाल अक्षरात लिहिलं होतं: शेवटची बोट सहाला.

"मग काय झालं, सहाच्या आत पोचू," मी म्हटलं.

"पोचू नाही तर काय! अन् नाही पोचलो तरी एका टायमाले काही मरत नाही माणूस."

हे त्या म्हणत होत्या खरं. पण मागच्या दिवाळीत डोस चुकले तेव्हा साखर अशी चढली की चार दिवस त्यांना ज्या वॉर्डात त्यांनी राज्य केलं त्याच वॉर्डात सलाईन लावून ठेवावं लागलं. तिथल्या पोरी नर्सेसना त्या पलंगावरून चादरी नीट घालायला सांगत होत्या, पण आवाज निघत नव्हता. ते मला आठवलं. त्यांनाही आठवलं असणार, कारण उरलेला केक त्यांनी माझ्या बशीत सरकवला.

पंक्चर

साडेतीनला ताईंच्या मागच्या चाकातून फुस्स झालं.

नागपुरात पंक्चर ही काय गोष्ट आहे? झाडाखाली पाण्याचं घमेलं दिसलं की थांबायचं. इथं झाडं मोप, घमेलं एकाही झाडाखाली नाही. मितूनं दुरुस्तीची पिशवी दिली होती, व्हिडिओ पाहून ठेवा म्हणाली होती. आम्ही व्हिडिओ पाहिला होता, चहा पिताना. चाक काढण्यात अर्धा तास गेला. टायर काढण्यात आणखी अर्धा, आणि माझं एक नख. सव्वाचार, साडेचार. चारपाच सायकलवाले "ग्रूस गॉट" म्हणून गेले. एक जण थांबलाही, पण त्याला माझ्याइतकंच येत होतं.

"हाक मार कोणाले तरी," ताई म्हणाल्या. पण कोणाला?

तेवढ्यात खालच्या वाळूच्या काठाकडून झुडपं हलली आणि एक सत्तरीचे गृहस्थ वर आले. डोळ्यांना चष्मा होता. डोक्यावर गवताची टोपी होती. पायात सँडल होत्या.

यादी संपली.

मी ताबडतोब आकाशाकडे पाहिलं. आकाश निळं होतं. "ताई," मी ओठ न हलवता म्हटलं, "त्यांच्या अंगावर काहीच नाही."

"दिसून राहिलं मले."

"आपण जाऊ या का?"

"कशावर जाशीन? चाक काढून ठेवलं ना वं तू." आणि मग, वॉर्डात नव्या पेशंटला बोलावतात तशा आवाजात, "या भाऊ, या! पंक्चर!"

भाऊ आले. अदबीनं टोपी उचलून नमस्कार केला. मला वाटलं, टोपी निदान दुसरीकडे धरायला हरकत नव्हती. ते पलीकडच्या गावचे रिटायर्ड सुतार होते, त्यांना थोडं इंग्रजी येत होतं, आणि उन्हाळ्यात या काठावर लोक असेच उघडे पोहायला येतात, त्यात कोणाला काही वाटत नाही, हे सगळं मला त्यांच्या बोलण्यातून कळलं तेव्हा मी समोरच्या डोंगरावरची झाडं मोजत होते.

काम मात्र त्यांनी फार सुरेख केलं. ट्यूब नदीत बुडवून भोक शोधलं, कागदानं घासलं, सोल्यूशन लावून फुंकर मारली. मध्येच म्हणाले, "प्लीज, चाक धरा." मी धरलं. चाकाला छत्तीस तारा असतात. मी प्रत्येक तार स्वतंत्र पाहिली.

एवढ्यात त्यांच्या पत्नी आल्या. त्यांचीही यादी साधारण तेवढीच, टोपीऐवजी हातात जर्दाळूंचं भांडं. आमचा अवतार पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जी करुणा आली, ती मी विसरणार नाही. त्यांनी माझा मोजा घातलेला हात हातात घेतला आणि विचारलं, "एवढ्या उन्हात इतके कपडे? तुम्हांला कोणी घालायला लावतं का?"

"नाही, नाही," मी म्हटलं. "आमच्या गावात सेहेचाळीस डिग्री ऊन असतं. तिथं अंग झाकलं तरच जीव वाचतो."

"काय म्हणते ती?" ताई.

"आपल्याला उकडत नाही का, विचारते आहे."

"तिले विचार, तुले गोमाशा चावत नाही का?"

ते मी विचारलं नाही. विचारण्याचं कारणही उरलं नाही, कारण ताई आता त्या गृहस्थांच्या मागे उभ्या राहून त्यांच्या पाठीकडे टक लावून पाहत होत्या. गॉगल काढून. अगदी वाकून.

"ताई!"

"गप. सांग त्याले, हा तीळ केव्हापासून आहे?"

मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. "मी कसं सांगू?"

"तोंडानं. खांद्याखाली डाव्या बाजूले काळा तीळ आहे, कडा वाकड्यातिकड्या आहेत, मधात रंग वेगळा आहे. असा तीळ वाढून राहिला असन तर डॉक्टरले दाखवा लागते. छत्तीस वर्षं पाठी पाह्यल्या म्या, मले नको शिकवू."

मग मी, इतवारीतली भूगोलाची शिक्षिका, डॅन्यूबच्या काठावर एका पूर्ण उघड्या सुताराला इंग्रजीत सांगितलं, की माझी नणंद मघापासून तुमची पाठ पाहते आहे. थांबून घाईघाईनं म्हटलं, ती नर्स आहे. आणि मग तिळाचं सांगितलं.

गृहस्थांचा पंप थांबला. पत्नीनं भांडं खाली ठेवलं आणि मागे येऊन बघितलं. दोघं आपसात भराभर काही बोलले. मग त्या ताईंना म्हणाल्या, आणि हे मला भाषांतर न करता कळलं, "मी ह्यांना कधीची सांगते आहे." ताईंनी त्यांचा हात धरला आणि मराठीत म्हणाल्या, "नेच त्याले. ऐकत नाहीत हे लोक. हात धरून ने." त्यांनी मान हलवली. पुढे ते गेले की नाही, मला माहीत नाही. नावंसुद्धा विचारायची राहिली. जवसाची चटणी मात्र डबीसकट दिली. गृहस्थांनी बोटावर घेऊन चाटली आणि तीन वेळा शिंकले.

चाक बसलं तेव्हा सव्वापाच वाजले होते. बोट बारा किलोमीटरवर.

बोट

त्या बारा किलोमीटरांतलं निसर्गवर्णन माझ्याकडे नाही. तिथं नदी डोंगराला वळसा घालून जवळजवळ उलटी फिरते आणि तो देखावा पाहायला लोक लांबून येतात. मला ताईंची पाठ दिसत होती, आणि नंतर तीही लांब जायला लागली. सोफ्याच्या फोमनं माझी साथ केव्हाच सोडली होती. मग एकाएकी ताई हळू झाल्या. मी गाठलं तर चेहरा घामानं डबडबलेला.

"थांबू या का?"

"नाही. पाणी दे. अन् तू पुढं चाल. तू पुढं असली की मले वेग धरता येते."

त्या कुणाच्या मागे चालतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी पुढे झाले आणि पायडल मारत राहिले, दर मिनिटाला मागे वळून पाहत. सहा वाजून सात मिनिटांनी आम्ही धक्क्यावर पोचलो.

बोट पलीकडे होती. बांधलेली. एक बाई रबरी नळीनं तिचा तळ धूत होती. नदी एवढी रुंद, की माणूस कळावा पण चेहरा कळू नये.

ताईंनी हात वर केले. "ओ बाई! थांब वं! ओ बाई!" आवाज दमला होता, पाण्याच्या मध्यापर्यंतही गेला नसेल. तरी बाईनं आमच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात आडवे करून दाखवलं, की बंद. मी दंडात सुई टोचल्याचा अभिनय केला. तिला वाटलं असावं, डास. तिनंही दंडावर चापट मारून दाखवली आणि पुन्हा नळी धरली.

ताई धक्क्याच्या पायरीवर बसल्या. "जाऊ दे, सुजाता," त्या म्हणाल्या. "मागच्या गावात पाहू काही."

मागचं गाव मी पाहिलं होतं. तिथं चार घरं आणि एक कुत्रा होता. फोनला त्या वळणावर रेंजही नव्हती.

आता, वर्गात साठ पोरं असतात, बाहेर मैदानात आणखी दोन वर्ग, आणि शेजारच्या गल्लीत भांड्यांचं मार्केट, जिथं दिवसभर पितळ्या आदळत असतात. तिथं तीस वर्षं भूगोल शिकवायचा, तर माणसाला एक आवाज कमवावा लागतो. तो मी शाळेच्या फाटकात ठेवूनच घरी येते. सासरी तो कोणी ऐकलेला नाही. मी पायरीच्या कडेला गेले, स्कार्फ सोडला, पोटापासून श्वास घेतला आणि ओरडले,

"इन्सुलिन!"

शब्द गेला, समोरच्या डोंगराला लागला, वळणावरून फिरला आणि परत आला. झाडीतून दोन बगळे उडाले. पलीकडच्या हॉटेलच्या गच्चीवर बसलेली सगळी माणसं उठून उभी राहिली. बोटीवरच्या बाईच्या हातातून नळी पडली.

मी पुन्हा ओरडले. पुन्हा तेच. हा शब्द त्यांच्या भाषेतही तसाच आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला दुसरा सुचलाच नाही.

बाईनं एक हात उंच केला. दोरी सुटली, इंजिन खोकलं आणि बोट आमच्याकडे यायला लागली.

पायरीवर बसलेल्या विमलताई माझ्याकडे पाहत होत्या. "एवढा आवाज होता तुझ्याजवळ?" त्या म्हणाल्या. "अन् अठ्ठावीस वर्षं घरात तोंडात मूग धरून काहून होती वं?"

"तुम्ही असायच्या ना, ताई," मी म्हणून गेले. म्हटल्यावर मलाच धसका बसला.

ताई हसल्या. आधी नुसत्या खांद्यांनी, मग मोठ्यानं, मग इतक्या, की बोट लागली तेव्हा त्या बाईला कळेना की आजारी कोण आहे.

पुढचं थोडकं आहे. गच्चीवरच्या लोकांनी आमच्या सायकली उतरवल्या, एका गृहस्थानं तर खुर्चीच आणली. बॅग खोलीत होती, थैली सगळ्यात वर. ताईंनी साखर पाहिली, चढली होती पण घाबरण्यासारखी नाही. सुई घेतली, थोडं थांबल्या आणि बटाट्याचा एक भलामोठा उकडलेला लाडू खाल्ला. त्यात मीठ कमी होतं, हे मीच वाढणाऱ्या मुलीला सांगितलं. ताईंनी मान खाली घालून खाल्लं आणि मधूनच त्यांचे खांदे हलत होते.

जेवण चाललेलंच असताना मिस्टरांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"कसं चाललंय? ताईनं त्रास तर नाही दिला?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात ताईंनी फोन आपल्याकडे ओढला. "तुह्या बायकोनं आज आख्ख्या ऑस्ट्रियाले उभं केलं," त्या म्हणाल्या. "ती नागपूरले आल्यावर जरा जपून राह्य, भाऊ. मी आता तिच्या बाजूनं आहो."